बंद न पडणारं खोकं

मित्रांनो, माझ्या डोक्यावर कुंडी ठेवलेली दिसते म्हणून मला स्टूल समजू नका. मी अ‍ॅम्प्लिफायर आहे. वय झालंय, कोपरे झिजलेत, पण घसा अजून शाबूत आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा नुसत्या छेडल्या तर तो आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. तो वायरीतून माझ्या पोटात येतो, मी तो मोठा करतो आणि समोरच्या जाळीतून बाहेर फेकतो. टाळ्या गिटारवाल्याला मिळतात, फोटो गिटारचे निघतात आणि माझ्यावर लोक पाण्याच्या बाटल्या ठेवतात. असो. सुरुवातीलाच रडगाणं नको, पुढे ते आहेच.

मला बनवणारा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळवजा जागा. आत एक जण बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. एकदा त्याच्या बहिणीचा मुलगा कुणाची तरी गिटार गळ्यात अडकवून आला आणि म्हणाला, "मामा, हिचा आवाज मोठा करून दे. भिंती हलल्या पाहिजेत."

"भिंती हलल्या तर छप्पर कुणाच्या डोक्यावर पडेल, भाचेबुवा?" मामा म्हणाला. पण त्याने काम हातात घेतलं. मालाच्या पेट्यांच्या फळ्यांतून माझं अंग झालं. व्हॉल्व्ह, म्हणजे माझ्या पाठीत लागतात त्या काचेच्या नळ्या, निकामी रेडिओंतून निघाल्या. भोंगा आला एका बंद पडलेल्या चित्रपटगृहातून. त्याने आयुष्यभर नायकांच्या आरोळ्या आणि नायिकांचे हुंदके बाहेर टाकले होते, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटायचं नाही. जाळीला कापड हवं होतं, तर मामाने घरातला चांगला पडदा कापला. मामीने त्यावरून त्याला जे सुनावलं, ते मी ऐकलेलं पहिलं भाषण. फार जोरकस होतं.

मला भाच्याच्या हवाली करताना मामाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भाचेबुवा, हे खोकं बंद पडायचं नाही. बंद पडलं असं कुणी म्हणालंच, तर आधी त्या माणसाचे कान तपास."

सगळे हसले. मीही फुगलो. स्तुती कुणाला आवडत नाही?

मग आमचे दिवस आले. भाचेबुवांचा बँड उभा राहिला. मी त्यांना शेवटपर्यंत भाचेबुवाच म्हणत आलो, कारण मी ऐकलेलं त्यांचं पहिलं नाव तेच. ड्रमवर त्यांचा लहानपणापासूनचा मित्र दणक्या. तो ड्रम वाजवायचा नाही, ड्रमशी भांडायचा. गाणी भाचेबुवा स्वतः लिहायचे, म्हणायचेही स्वतः. कारखान्यांची स्नेहसंमेलनं, कॉलेजांची मैदानं, पत्र्याची सभागृहं, कुठे कुठे फिरलो आम्ही! टेम्पोच्या मागे मी आणि ड्रम एकमेकांवर आपटत जायचो. त्यांचा एक अलिखित नियम होता. वाजवताना चूक झाली तर थांबायचं नाही. तीच चूक पुढच्या ओळीत पुन्हा करायची. म्हणजे ऐकणाऱ्यांना वाटतं, मुद्दामच आहे. या नियमावर त्यांची कितीतरी गाणी गाजली.

माझी जागा ठरलेली होती, भाचेबुवांच्या उजव्या हाताला, खुर्चीवर, बरोबर कानाच्या उंचीला. त्यांना मी जवळ हवा असायचो. "याचा आवाज छातीत नाही लागला तर मला गाताच येत नाही," असं ते म्हणायचे. मी कानाशी ओरडायचो. मला बनवलं होतं तेवढ्यासाठीच.

त्यांचं लग्न झालं तेव्हा मामा घरी आला होता. नव्या नवरीचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. घरातले बाकीचे जेवत असताना त्याने तिला माझ्यामागे बोलावलं. "सूनबाई, तुम्हाला एक भेट देतो. ही टोकाची लहान नळी बघितली? ही काढून घेतली की याची बोलती बंद. लाल दिवा लागलेला राहतो, बाकीच्या नळ्या तापलेल्या राहतात, पण आवाज शून्य. भाचेबुवांना पत्ता लागणार नाही. फारच डोकं उठलं तर वापरा." ती तोंडावर हात धरून हसली. तिने कधीच काही केलं नाही. शिवणयंत्र शेजारच्या खोलीत हलवलं, दार लावून घेतलं आणि शाळांचे गणवेश शिवत राहिली. गाणी तिला पाठ होती. शिवताना ती दणक्याच्या ठेक्यावर पायडल मारायची, हे भाचेबुवांना कधी कळलं नाही. मला कळायचं.

वर्षं गेली. मामा गेला, मग मामी गेली. पोरांना नवी गाणी आवडू लागली, आमंत्रणं कमी झाली. दणक्याने सायकलींचं दुकान टाकलं. आणि भाचेबुवा "काय?" असं फार वेळा विचारू लागले.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा मी कोपऱ्यातच होतो. बायकोने डॉक्टरांचं म्हणणं दणक्याला फोनवर सांगितलं ते मी ऐकलं. उजवा कान संपल्यात जमा. डावा थोडा उरलाय. मोठ्या आवाजापासून जपा, जपलं तरी किती टिकेल सांगता येत नाही. एखाद्या दिवशी उठाल आणि काहीच ऐकू येणार नाही. शिवाय कानात सतत एक शिट्टी वाजत राहील, चुलीवर किटली ठेवून कुणीतरी विसरून गेल्यासारखी.

भाचेबुवांनी गिटार पेटीत घातली आणि माळ्यावर टाकली. बरेच दिवस ते नुसते बसून होते. मग एका दुपारी टेबल खिडकीशी ओढून कागद घेऊन बसले.

"गाणं लिहिताय?" बायकोने त्यांच्यासमोर येऊन विचारलं. ओठ दिसले की त्यांना बरं पडायचं.

"गाणं कुणासाठी लिहू? गोष्ट लिहितोय. कादंबरी होईल बहुतेक."

"लिहा, लिहा. पेनाला आवाज नसतो," ती म्हणाली आणि खूप दिवसांनी मोकळी हसली.

पण माणसाचा पिंड कुठे जातो? चांगलं काय, वाईट काय, ते यांना डोळ्यांनी कळेचना. वाक्य कानावर पडल्याशिवाय ते वाक्य आहे असंच त्यांना वाटायचं नाही. नुसतं मोठ्याने वाचून भागेना, कारण स्वतःचा आवाज त्यांना शिट्टीच्या पलीकडे पोचायचा नाही. शेवटी त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, जुना माईक जोडला, मला डाव्या हाताला खुर्चीवर बसवलं आणि पहिलं पान माझ्यातून वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते काय सांगू! मित्रांनो, इतक्या वर्षांत मी मैदानं हलवली, पण कुणाला त्याचाच आवाज असा परत मिळवून दिला नव्हता.

मग रोज दुपारी हेच. गोष्ट होती एका बंद पडणाऱ्या चित्रपटगृहाच्या दरवानाची. माझा भोंगा तिथलाच, त्यामुळे मी कान देऊन ऐकायचो. एक एक वाक्य ते माझ्यातून काढायचे, मान हलवायचे, खोडायचे, पुन्हा म्हणायचे. बँडच्या सवयी मात्र सुटल्या नाहीत. चांगलं जमलेलं वाक्य ते ध्रुवपदासारखं तीन तीनदा लिहायचे. पहिली प्रकरणं प्रकाशकाकडे गेली, तर तिथल्या संपादक बाईंनी कळवलं, कादंबरी आवडली, पण हे वाक्य एकाच पानावर तीनदा का?

"लोकांना सोबत म्हणता यावं म्हणून," भाचेबुवांनी उत्तर पाठवलं. बाईंनी दोन वेळा खोडलं. पुढे एका प्रकरणात दरवानाला चुकून दोन थोरल्या बहिणी झाल्या, आधी एकच होती. तर यांनी नियमाप्रमाणे पुढच्या प्रकरणातही दोनच ठेवल्या. दणक्या ते वाचून पोट धरधरून हसला.

हसण्याचे दिवस तेवढेच. माझ्या अंगावर आवाजाची एक खुंटी आहे. महिन्यामागून महिने ती उजवीकडे सरकत चालली. आधी कुजबुज पुरायची, मग बोलणं, मग ओरडणं. शेजारच्या खोलीत बायको शिवत असायची. आज आवाज कालपेक्षा वाढला की यंत्र थांबायचं. आपल्या नवऱ्याचा कान किती उतरला ते तिला त्या भिंतीतून रोज कळत होतं. दरवान आणि त्याच्या बहिणी भिंती हलवत होत्या आणि उरलेला कान त्यापायी चालला होता.

एकदा ती येऊन समोर उभी राहिली. "अहो, पुरे करा हे. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"एकच प्रकरण राहिलंय."

"ते संपेल हो. पण पुस्तक छापून आल्यावर मी काही बोलले, तर ते तुम्हाला ऐकू यायला नको का?"

त्यांनी मान हलवली. त्यांना सगळं समजलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ऐकू आलं नाही की मान हलवायची, अशी त्यांची रीत झाली होती. आणि ती हलवलेली मान बघून ती समजली की यांना सगळं कळतंय आणि तरी पर्वा नाही. ती पाय आपटत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले असताना ती माझ्यामागे आली. टोकाची लहान नळी तिने ओळखली, हळूच काढली, कापसात गुंडाळली आणि बटणांच्या डब्यात ठेवली. तिचा बेत मला ठाऊक आहे, कारण नंतर तिने तो बहिणीला फोनवर याच खोलीत सांगितला. "ओरडत येतील माझ्या अंगावर. येऊ देत. मग सांगेन, रोज थोडाच वेळ, तेही हळू आवाजात, कबूल असेल तर देते." वाईट काय होतं त्यात? तिला तो कान हवा होता. तिचं बोलणं ज्यातून त्यांच्यापर्यंत पोचत होतं ती तेवढीच एक वाट उरली होती.

दुपारी भाचेबुवा बसले. बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य म्हटलं.

काही नाही. त्यांनी खुंटी सरकवली. काही नाही. आणखी सरकवली, अगदी टोकाला नेली. माईकवर बोट आपटलं. मग हात लांब करून माझ्या पाठीला लावला. पाठ गरम होती. ते दिव्याकडे बघत राहिले.

मित्रांनो, दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलं. उठून मागे डोकावला असता, तर रिकामी जागा लगेच दिसली असती. पण हे मामाचे भाचे! मामाचं खोकं बंद पडत नाही, बंद पडतात ते कान, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यात डॉक्टरांचे शब्द, एखाद्या दिवशी काहीच ऐकू येणार नाही. त्यांनी दोन्ही जुळवलं. माईक इतका अलगद खाली ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवावं. "संपलं," ते म्हणाले. मी आतल्या आत तडफडत होतो. अहो, मागे बघा! नुसतं वळून बघा! पण माझी बोलती त्या डब्यात, बटणांमध्ये.

त्यानंतर या घरात जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझ्या फळ्या गारठतात. बायको वाट बघत होती, आज विचारतील, उद्या विचारतील. ते विचारेनात. ओरडेनात. कागदाला हात लावेनात. नुसते खिडकीत बसून राहिले. तिला वाटलं, हा राग आहे. नळी आपण काढली ते यांना कळलंय आणि मुद्दाम अबोला धरलाय. तीही हट्टाला पेटली. "विचारू देत, मग बोलेन," असं बहिणीला म्हणाली आणि तिने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ताट ठेवायची, ताट उचलायची. आणि ते? बहिऱ्या माणसाशी कोण कशाला बोलेल, असं समजून त्यांनी तेही मुकाट्याने पदरात घेतलं. आपला कान गेला हे सांगून तिला रडवायचं नाही, म्हणून ताटाकडे बघून मान हलवत राहिले. कधी भांडं पडल्याचा बारीकसा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असेल, तर तो त्यांनी कानातल्या शिट्टीच्या खात्यात टाकला असेल. एका घरात दोन माणसं, दोघं एकमेकांना जपतायत आणि दोघं एकमेकांवर रुसलीत. खरं काय ते फक्त मला माहीत. यापेक्षा मला कुणी भंगारात घातलं असतं तर बरं झालं असतं!

शेवटी तिनेच हार मानली. दणक्याला बोलावून घेतलं. "भाऊजी, तुमच्या मित्राला सांगा. मला नाही हा अबोला सोसवत."

दणक्या आला तो तेलकट हातांनीच. भाचेबुवांसमोर जाऊन त्याने तोंड मोठं उघडून विचारलं, "लिहिणं का सोडलंस?"

भाचेबुवा म्हणाले, "माझा कान गेला रे. त्या दिवशी खोकं सुरू केलं आणि काहीच ऐकू आलं नाही. हिला सांगू नकोस."

ती दारातच उभी होती.

दणक्याने मला सुरू केलं, माईकवर "हॅलो" म्हटलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने आणखी एकदा म्हटलं. मग मित्राचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवून तो ओरडला, "अरे गाढवा, मलाही ऐकू येत नाहीये! खोकं बंद आहे, खोकं!"

भाचेबुवा खुर्चीतून उठले, गुडघ्यांवर बसले आणि माझ्यामागे बघितलं. रिकामी जागा बघितली. वर मान केली तर बायको बटणांचा डबा घेऊन उभी. ते चिडतील म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. पण ते हसायला लागले! पोरासारखे टाळ्या पिटत हसायला लागले. "म्हणजे मी नाही, हे बंद होतं! मामा चुकला! अगं, मामा चुकला!" तिला मिठी मारली, दणक्याला मारली. कापसातून नळी काढून स्वतःच्या हाताने माझ्यात बसवली आणि ती तापायची वाट बघत मांडी घालून माझ्यासमोर बसले, जाळीला अगदी तोंड लावून.

"बोल," ते दणक्याला म्हणाले. मग मान हलवली. "थांब. तू नको. ही बोलू दे."

तिने माईक हातात घेतला. तिचा आवाज तोवर कधी माझ्यातून गेलाच नव्हता. "अहो," ती म्हणाली. "ऐकू येतंय?"

मी जीव ओतला, मित्रांनो. ते कापड थरथरलं.

"बोल ना," भाचेबुवा जाळीकडे बघत म्हणाले.

"अहो, ऐकू येतंय का?"

"आवाज वाढव रे जरा."

दणक्याने खुंटी सरकवली. खिडकीची तावदानं वाजू लागली. "अहो! अहो!" गल्लीतली माणसं गॅलऱ्यांत येऊन बघू लागली. भाचेबुवा तसेच हसत, जाळीला कान लावून बसले होते. "वाढव की," ते म्हणाले. खुंटी आणखी पुढे जातच नव्हती. दणक्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू विरून गेलं. बायकोने माईक खाली ठेवला आणि मला बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, डावाही गेला. कधी गेला ते सांगता येत नाही. काल गेला असेल, महिन्यापूर्वी गेला असेल. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, कधी गेला, कधी गेला. कारण त्या दिवसांत ती बोललीच नव्हती. बोलली असती तर कदाचित ऐकू आलं असतं, कदाचित नसतं. आता ते कुणालाच कळणार नाही.

शेवटचं प्रकरण भाचेबुवांनी न ऐकता लिहिलं. पुस्तक आलं. संपादक बाईंनी कळवलं की शेवट सगळ्यात सुंदर उतरलाय. "मला कसं कळणार?" ते म्हणाले आणि पुस्तक उलटं करून ठेवलं. आता ते दुसरं लिहितायत. खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून. ती कधी कधी शिवण सोडून त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहते आणि तेव्हा राहिलेलं सगळं बोलते. कोणत्या गाण्यावर पायडल मारायची, तेही परवा सांगितलं. ते लिहीत राहतात. ती बोलून होईपर्यंत थांबते आणि परत जाते.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची धूळ पुसा, कुंडीचं पाणी आमच्या अंगावर गळू देऊ नका, हे मी मागायला हवं खरं. पण ते राहू दे. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरातलं कुणी गप्प बसलं असेल, तर आज उठा आणि त्यांना विचारा, काय झालं. ते आधी बोलतील म्हणून वाट बघू नका. चिडलेले दिसले तरी विचारा, तुमचंच खरं असलं तरी विचारा. आणि मोठ्याने विचारा, त्यांना ऐकू येतंय तोवर.